घरट्यापासून वीस पावलं

सूर्यपक्ष्याचं घरटं पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो कचराच वाटतो. जास्वंदीच्या एखाद्या बारीक फांदीला मळकट बोचकं लोंबत असतं. सालीचे कपचे, वाळकी पानं, कागदाचा कपटा, सुरवंटाची विष्ठा असं काहीबाही कोळ्याच्या जाळ्यानं त्याला चिकटवलेलं असतं. कुठून तरी उडत आलं आणि फांदीत अडकलं, असं म्हणून आपण पुढे जातो. मादीला नेमकं तेच हवं असतं. या बोचक्याच्या एका बाजूला भोक असतं आणि त्यावर इवलासा छज्जा, पावसाचा थेंब आत जाऊ नये म्हणून. आत रस्त्याकडेच्या रुईच्या बोंडांतला मऊ कापूस अंथरलेला. बांधकाम सगळं तिचंच. नर लांब फांदीवर बसून उन्हात चमकत असतो. पिल्लं झाली की मात्र चारा आणायला तोही येतो.

हे सगळं शीळफाट्याला चालतं, यावर बाहेरच्या माणसाचा पटकन विश्वास बसत नाही. शीळफाटा म्हटलं की त्याला आठवते वाहतूक कोंडी. कल्याणहून आलेला रस्ता, मुंब्र्याकडून पनवेलला जाणारा जुना हमरस्ता आणि महापेची वाट इथे एकमेकांना भिडतात. कंटेनर, टँकर, मेट्रोच्या कामाचे पत्रे. बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुलात सुरू होणारा 21 किलोमीटरचा बोगदा ठाणे खाडीखालून येऊन इथेच उजेडात येतो. पण याच फाट्याच्या एका अंगाला पारसिकचा डोंगर आहे, दुसऱ्या अंगाला देसाईची खाडी आणि खिडकाळी-पडल्याकडची उरलीसुरली भातशेती. या दोहोंच्या मधे शीळ, डायघर, देसाई या गावांतली जुनी घरं अजून आपलं परसदार राखून आहेत. एक शेवगा, एक पपई, कढीपत्ता, तगर, जास्वंद, मोरीच्या पाण्यावर वाढलेली केळ आणि कुणी न लावता उगवलेलं देशी बदामाचं रोप. पाखरांना एवढं पुरतं.

बदामाच्या त्या रोपावर शिंप्याचं घर. शिंपी पक्षी वजनाला जेमतेम दहा ग्रॅम, आवाज मात्र असा की तीन घरं पलीकडे ऐकू जावा. वर तांबूस टोपी, पाठ हिरवट, शेपटी कायम उभी. त्याचं शिवणकाम मी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या जाळीआडून दुर्बिणीनं पाहिलं आणि हातातला चहा निवून गेला. आधी पान निवडायचं, रुंद आणि लवचिक. मग त्याच्या कडा जवळ ओढायच्या आणि टोकदार चोचीनं काठाकाठानं बारीक भोकं पाडायची. कोळ्याचं जाळं, कापसाचा तंतू, दोरीवरच्या पंचाचा निघालेला धागा, मिळेल ते या भोकातून त्या भोकात ओवायचं. गाठ मारायची गरजच नसते. बाहेर आलेलं धाग्याचं टोक पिंजून फुगतं आणि मागे सरकत नाही. भोकं इतकी बारीक की पान फाटत नाही, सुकतही नाही. देठाशी जोडलेलं, जिवंत, हिरवं पान झाडावरच्या इतर पानांत मिसळून जातं. त्या द्रोणात कापूस भरला जातो आणि त्यावर तीन-चार अंडी.

पुढचे साधारण बारा दिवस उबवण्याचे. मग आणखी सुमारे दोन आठवडे अळ्या, कोळी, नाकतोडे यांची ने-आण. चारा भरवून झाला की पिल्लू मागे वळतं आणि पारदर्शक पडद्यात गुंडाळलेली पांढरी पिशवी बाहेर टाकतं, ती त्याची विष्ठा. आई ती अलगद चोचीत उचलते आणि लांब नेऊन टाकते. घरट्याखाली डाग नको, वास नको, शत्रूला माग नको. माणसाच्या घरातल्या बाळंतिणीची खोलीही इतकी निर्मळ असेल असं वाटत नाही.

हे सगळं जवळून पाहावं, हा मोह स्वाभाविक आहे. तो आवरण्यामागे भाबडेपणा नाही, रोकडी कारणं आहेत. माणसाचा हात लागला की वासानं पक्षी पिल्लं टाकून देतात, ही आपल्याकडची जुनी समजूत. ती काही खरी नाही. खरा धोका वेगळा आहे. घरटं अर्धं झालेलं असताना किंवा अंडी नुकती घातलेली असताना कुणी वारंवार डोकावलं, तर जोडी तो संसार सोडून दुसरीकडे जाते, कारण अजून तिचं फारसं काही गुंतलेलं नसतं. पिसं फुटलेली पिल्लं घाबरली तर उडता येण्याआधीच बाहेर उड्या टाकतात. एप्रिल-मेच्या उन्हात बुलबुलाची मादी अंड्यांवर बसते ती दर वेळी ऊब देण्यासाठी नसते, कित्येकदा सावली धरण्यासाठी असते. तिला उठवलंत तर अंडी शिजतात. आणि कावळा! विजेच्या तारेवर बसून तो घरट्यापेक्षा माणसाकडेच जास्त लक्ष ठेवून असतो. माणूस एकाच झुडपाशी तीनदा वाकला की कावळा समजायचं ते समजतो.

म्हणून मी वीस पावलं लांब राहतो. ही वीस पावलं काही शास्त्रानं ठरवून दिलेली नाहीत, माझ्या परसदाराची लांबीच तेवढी आहे. खरा पंच पक्षीच. तुम्ही पाहत असताना तो चोचीत अळी धरून घरट्याबाहेरच घुटमळत राहिला, फांद्या बदलत चिवचिवाट करू लागला, तर समजावं की आपण हद्द ओलांडली आहे. दोन पावलं मागे सरकावं. तो आत शिरला की तिथेच थांबावं.

पंढरपूरला पदस्पर्शाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी आणि ज्यांना दोन्ही शक्य नसतं त्या वारकऱ्यांना कळसाचं दर्शन असतं. रांगेत दिवस मोडण्याइतका वेळ नाही, पायात बळ नाही, तर कळसाकडे पाहून हात जोडायचे आणि परतायचं. वारी पुरी झाली. घरट्याच्या बाबतीत मी कळसदर्शनाचा वारकरी. आतली अंडी निळसर की पांढरी, पिल्लं दोन की तीन, हे मला कळलंच पाहिजे असं नाही. पान थरथरलं, द्रोणाच्या काठावर पिवळ्या चोची उघडल्या, तेवढ्यानं सकाळ भरून पावते.

शेजारच्या आजींना हे शिकवावं लागलं नाही. त्या इथल्याच, जुन्या शीळ गावातल्या. उन्हाळ्यात सुकट आणि बोंबील वाळत घालायची त्यांची जागा बदामाच्या रोपाजवळच होती. सुकटीच्या वासानं मांजरं येतात, कावळे येतात. शिंप्याची ये-जा दिसल्यावर त्यांनी काही न बोलता वाळवण घराच्या पुढच्या बाजूला नेलं. विचारलं तर म्हणाल्या, "लेकुरवाळी आहे ती."

मात्र दूर राहून पाहण्याची खरी परीक्षा वेगळ्याच वेळी होते. भारद्वाज सकाळी दिसला की दिवस चांगला जातो असं आपण मानतो, आणि दिसतोही तो तसाच: काळाभोर, विटकरी पंखांचा, लाल डोळ्यांचा, कुंपणाकडेनं चालत जाणारा. हाच भारद्वाज झुडपाझुडपांतून घरटी हुडकतो आणि अंडी-पिल्लं खातो. एका सकाळी बदामाचं पान उसवून लोंबत होतं आणि शिंप्याची जोडी फांदीफांदीवर ओरडत फिरत होती. केळीच्या बुंध्याशी शुभशकुन उभा होता. त्याला हाकलावं का? त्याचंही घरटं कुठल्या तरी गचपणात असणार, तिथेही लाल तोंडं उघडलेली असणार. तशीच ती कारुण्य कोकिळा. ती शिंप्याच्या घरट्यात आपलं अंडं ठेवून जाते आणि मग दहा ग्रॅमचे आईबाप स्वतःपेक्षा मोठ्या पिल्लाला भरवत राहतात. पाहणाऱ्याचा जीव तुटतो, तरी हात घालू नये असं माझं मत आहे. लांब उभं राहायचं ते पावलांनीही आणि न्यायानंही. शिंप्यानं त्या दिवशी आमच्यासारखा फार वेळ शोक केला नाही. दुसऱ्या आठवड्यात लिंबाच्या झाडावर नवी पानं जवळ ओढणं सुरू झालं होतं.

परसदारापुरतंच हे जग नाही. फाट्याच्या आसपास नव्या संकुलांसाठी टाकलेल्या मुरुमाच्या भरावावर टिटवी अंडी घालते. घरटं म्हणजे चार खडे सरकवून केलेला खळगा. अंडी खड्यांच्याच रंगाची, नजरेसमोर असून न दिसणारी. उन्हं चढली की टिटवी पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटानं येऊन अंड्यांवर बसते, ती गार राहावीत म्हणून. टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस मोठा, असा शेतकऱ्यांचा जुना आडाखा. आता ती इमारतींच्या सपाट गच्च्यांवरही अंडी घालू लागली आहे, तेव्हा त्या आडाख्याचं काय करायचं ते पंचांगवाल्यांनीच ठरवावं. कावळ्याची तऱ्हा याहून निराळी. बांधकामावर सळया बांधायची तार असते ना, तिचे तुकडे पळवून तो घरटं विणतो. आणि एवढ्या पक्क्या घरात कोकिळा येऊन अंडं घालून जाते.

पावसाळा लागला की खिडकाळीच्या बाजूला भातखाचरांच्या कडेनं सुगरणींची लगबग. विणणारा नर असतो, डोक्याला पिवळी टोपी घातलेला. गवताच्या आणि भाताच्या पात्यांचे लांब पट्टे काढून तो सुमारे 500 फेऱ्यांत घर उभं करतो. पण अर्ध्यावर येऊन थांबतो आणि पंख फडफडवून मादीला बोलावतो. ती आत शिरते, ओढून पाहते, पसंत पडलं तर राहते. मगच बोगद्यासारखी नळी जोडून काम पुरं होतं आणि गडी दुसऱ्या घराला लागतो, दुसरीसाठी. हा सगळा व्यवहार पहिल्यांदा नीट उलगडला तो सलीम अलींनी, 1930 साली, अलिबागजवळच्या किहीमला. घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीकडे दिवसचे दिवस चिकाटीनं पाहत राहणं, हेच त्यांचं साधन होतं. भारतातलं पक्षिशास्त्र आपल्या कोकणकिनारी एका माणसाच्या स्वस्थ बसण्यातून किती पुढे गेलं, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांना आता मान मिळाला आहे. 2015 मध्ये अभयारण्य झालं, 2022 मध्ये रामसरच्या यादीत नाव गेलं. ते योग्यच झालं. पण रोहित इथे पाहुणे, अंडी घालायला ते दुसरीकडे जातात. इथे संसार थाटतात ते शिंपी, बुलबुल, दयाळ आणि चिमण्या, आणि त्यांच्या नावाची पाटी कुठे लागत नाही. दयाळाचं मला विशेष कौतुक. पहाटे, अवजड गाड्यांची रांग हलायच्या आत, तो पाण्याच्या टाकीवर बसून गातो. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात ग्रेट टिट नावाच्या पक्ष्यांवर झालेला अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला होता. गोंगाटाच्या भागातले नर वरच्या पट्टीत गातात, असं त्यात आढळलं. आमच्या दयाळाची पट्टी कुणी मोजली आहे का ठाऊक नाही. टाकीवरून येणारी त्याची तान हॉर्नच्या वर चढते, एवढं खरं.

आता एक रुक्ष गोष्ट. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तीत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस आणि अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणं हेही येतं. बंदूक लागत नाही, एक कोयताही पुरतो. आणि कोयता बाहेर निघतो तो ऐन मे महिन्यात. पावसाळ्याआधी फांद्या छाटण्याची आपल्याकडे पद्धत आहे. वादळात मोडून कुणाच्या अंगावर पडेल अशी फांदी उतरवलीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण त्या निमित्तानं साहेबांच्या गाडीवर पानं पडतात म्हणून, चौथ्या मजल्याला खाडी दिसत नाही म्हणून, कंत्राटदार आलाच आहे म्हणून आणखी दहा झाडं बोडकी होतात. बुलबुलाची पिल्लं तेव्हा डोळे उघडत असतात.

तेव्हा संकुलाच्या सभेत यंदा एवढं मांडा. धोक्याची नसलेली छाटणी पावसाळा सरेपर्यंत पुढे ढकला. जी फांदी तोडावीच लागणार आहे, तिच्याकडे आदल्या दिवशी सकाळी अर्धा तास कुणीतरी लांबून पाहत उभं राहा. चोचीत अळी किंवा कापूस घेऊन एखादं पाखरू पुनःपुन्हा त्याच पानांत शिरत असेल, तर कंत्राटदाराला महिनाभरानं या म्हणून सांगा. आणि घरटं सापडलं तर त्याचा फोटो संकुलाच्या ग्रुपवर टाकू नका.