शृंगाराचा उघडा शब्द

चेन्नईत राहायला येऊन मला तीस वर्षे होत आली. या काळात मराठी साहित्यासंबंधी मी जे लिहिले, त्यातले बरेचसे मराठी मुलखापासून दूर असल्यामुळेच सुचले असावे. भाषा रोज कानावर पडत नसली की तिच्यातले एकेक शब्द सुटे होऊन समोर येतात, आणि ज्याला आपण सहज म्हणत होतो ते सहज का वाटत होते, असा प्रश्न पडू लागतो. गेली दोन वर्षे मी ज्या कामात गुंतले आहे, त्याने हा प्रश्न अगदी टोकाला नेऊन ठेवला. ते काम म्हणजे मुद्दुपळनी या तेलुगू कवयित्रीच्या ‘राधिका सांत्वनमु’मधील काही निवडक पद्यांचा मराठी अनुवाद.

मुद्दुपळनी आपल्याला परकी नाही, हे आधी सांगितले पाहिजे. अठराव्या शतकात ती तंजावरच्या ज्या प्रतापसिंह राजाच्या दरबारात होती, तो भोसले कुळातला. त्याची कारकीर्द १७३९ ते १७६३ अशी. त्या घराण्यात शृंगाराचे वावडे कधीच नव्हते. प्रतापसिंहाच्या आधी गादीवर बसलेले शहाजीराजे, म्हणजे व्यंकोजींचे पुत्र आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे पुतणे, स्वतः तेलुगूत आणि मराठीत नाटके लिहीत. त्यांचे ‘सतीदानशूरमु’ हे तेलुगू प्रहसन शास्त्रे पढलेल्या ब्राह्मणाच्या कामवेडाची अशी काही थट्टा करते, की ते आज एखाद्या हौशी मंडळाने रंगभूमीवर आणले तर पहिल्या अंकानंतर काय होईल याची कल्पनाच केलेली बरी. आपल्या इतिहासलेखनात तंजावरचे भोसले ग्रंथसंग्राहक म्हणून येतात, सरस्वती महालाचे धनी म्हणून येतात. ते हसत होते आणि हसवत होते, ही गोष्ट मात्र आपण फारशी सांगत नाही.

‘राधिका सांत्वनमु’ची कथा थोडक्यात अशी. राधेने हाताखाली वाढवलेल्या इलेचा कृष्णाशी विवाह होतो. तो राधेनेच घडवून आणलेला आहे. मग कृष्ण तिकडेच रमतो आणि इकडे राधा जळू लागते. तिचा मत्सर, तिचा संताप, पोपटाकरवी गेलेले निरोप आणि अखेरीस कृष्णाने केलेली तिची मनधरणी हा काव्याचा गाभा आहे. येथे मनधरणी पुरुष करतो आणि मागणे स्त्रीचे आहे. आपल्याला काय हवे, हे राधा आडपडदा न ठेवता सांगते, आणि ते मिळाले नाही म्हणून तितक्याच मोकळेपणाने कृष्णाला बोलते.

या मोकळेपणाचे पुढे काय झाले, ती हकीकत याच शहरातली आहे. १८८७ मध्ये हे काव्य छापले गेले, पण काही पद्ये गाळून. आणि गाळलेल्यांत कवयित्रीने आपली आई, आपली आजी यांचा उल्लेख करून स्वतःची ओळख करून दिली होती ती पद्येही होती. शृंगार गाळला हे एक वेळ समजते. वंशावळ का गाळावी? मला वाटते, त्या काळच्या संपादकाच्या मनातला पेच येथे उघडा पडतो: गणिकेच्या तोंडचा शृंगार निभावून नेता येतो, पण ‘मी अमक्या आजीची नात’ असे ताठ मानेने सांगणारी गणिका निभावत नाही. बंगळूर नागरत्नम्मा या विख्यात गायिकेने, जी स्वतः देवदासी परंपरेतली होती, हस्तलिखित मिळवून पूर्ण पाठ सिद्ध केला आणि १९१० मध्ये मद्रासच्या वाविळ्ळ यांच्या प्रकाशनगृहाने तो छापला. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, आंध्रातील थोर सुधारक कंदुकूरी वीरेशलिंगम् यांनी मुद्दुपळनीला आधीच दोष दिला होता. स्त्रियांच्या कानांवर पडू नये असे काव्य एका स्त्रीनेच लिहावे, हे त्यांना सोसवले नव्हते. नागरत्नम्मांचा प्रतिप्रश्न साधा होता. असेच उत्तान काव्य पुरुषाने लिहिले तर ते आपण संपादित करता. मग लाज काय फक्त बायकांनाच असते? १९११ मध्ये सरकारने पुस्तक अश्लील ठरवून प्रती जप्त केल्या. बंदी उठायला १९४७ उजाडावे लागले. ती टंगुटूरी प्रकाशम यांच्या प्रयत्नाने उठली. पुस्तक १९५२ मध्ये पुन्हा निघाले. नागरत्नम्मा त्याच वर्षी वारल्या.

या वादात कोणीही शब्दांविषयी फारसे बोलले नाही, याचे मला आश्चर्य वाटते. सगळे बोलले ते बोलणारीविषयी. आपल्याकडचे चित्र याहून निराळे नाही. चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या प्रेमकथेवर, जी १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली होती, खटला झाला तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये लेखक निर्दोष ठरला. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’वर अत्रे तुटून पडले आणि दुर्गाबाई भागवत त्याच्या बाजूने उभ्या राहिल्या. हे वाद आपण ‘अश्लीलता’ या एकाच खात्यात टाकतो, पण ‘वासूनाका’तली पोरे पोरींविषयी बोलतात, पोरींशी नव्हे. प्रेमकथेत उघडा शब्द येतो तो दोघांमध्ये येतो. तो ऐकणारे माणूस समोर असते, आणि त्या शब्दाचा अर्थ ठरवण्याचा निम्मा अधिकार त्या माणसाचा असतो. हा भेद ना कायद्याच्या कलमात आहे, ना आपल्या समीक्षेत.

संस्कृत काव्यशास्त्राला मात्र तो ठाऊक होता. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त अश्लील हा दोष तीन प्रकारचा सांगितला: लाज आणणारा, किळस आणणारा आणि अमंगल सुचवणारा. लगेच पुढे त्याने असेही म्हटले, की प्रणयगोष्टीत लाजेचा आणि वैराग्यकथेत किळसेचा दोष गुण होऊन बसतो. विद्यार्थिदशेत हे प्रकरण मी परीक्षेपुरते पाठ केले होते. अनुवादाला बसले तेव्हा त्याची किंमत कळली.

अडचण अशी, की मराठीत शृंगाराला बोली नाही. आहेत त्या तीन परक्या बोल्या. एक संस्कृताची: तिच्यात देहाचे अवयव मूर्तीचे वाटतात, जिवंत माणसाचे वाटत नाहीत. दुसरी लावणीची: ती रसाळ आहे, पण तिची नजर फडासमोर बसलेल्या पुरुषाची आहे, आणि तिच्यातल्या नायिकेचा लाडिकपणा बहुधा शाहिराने तिच्या तोंडी घातलेला आहे. तिसरी शिव्यांची: तिच्यात देहाचे प्रत्येक नाव हे कुणाच्या तरी आईबहिणीचा अपमान होऊन बसले आहे. फडक्यांच्या नायक-नायिका या तिन्ही बोल्या टाळून टेनिस, चांदणे आणि मोटारीची सफर यांवर निभावून गेल्या. पुढे गौरी देशपांडे यांनी मागणे बोलून दाखवणारी स्त्री आणली आणि मेघना पेठे यांनी ‘नातिचरामि’त कुठलाच शब्द सोवळ्यात ठेवला नाही, तेव्हा वाट थोडी मोकळी झाली. पण अठराव्या शतकातल्या राधेच्या तोंडी महानगरातली मराठी घालता येत नाही.

राधेच्या संतापाला शब्द शोधताना मला ‘मेल्या’ सापडला. माझी आजी कोकणातली. ती आजोबांना कधी ‘अहो’खेरीज हाक मारत नसे, पण जेवताना ते फार चिडवू लागले की माजघरातून ‘मेल्या, गप बस की’ असे ऐकू येई आणि आजोबा खुशीत हसत. ‘मुडदा बशिवला’, ‘जळ्ळं मेलं’ ही सगळी बायकांची मराठी मरणाचीच भाषा बोलते. म्हणजे मम्मटाचा तिसरा दोष, अमंगल! ज्याला मरण येऊ नये म्हणून वडाला दोरा बांधायचा, त्यालाच ‘मेल्या’ म्हणायचे. या शब्दात राग आहे, जवळीक आहे, आणि तो बोलण्याचा हक्क कुणाला आहे याची पक्की जाणीवही आहे. परक्या पुरुषाला ‘मेल्या’ म्हटले की ती शिवी. आपल्याला म्हटले की ती राधा. माझ्यापुरता तो वादच तेथे संपला.

ज्या संस्थेसाठी हा अनुवाद आहे तेथील संपादकांना मात्र तो शब्द कृष्णाला लावणे अनुचित वाटले. त्यांनी ‘हे निष्ठुरा’ सुचवले आणि आणखी चार पद्ये ‘विद्यार्थ्यांच्या दृष्टीने’ वगळावीत असे सौजन्याने कळवले. पत्र वाचताना मला १८८७ आठवले.

असल्या दबावाचे या शहराला अप्रूप नाही. पेरुमाळ मुरुगन यांच्या ‘मादोरुबागन’ या २०१० च्या कादंबरीत काळी आणि पोन्ना हे मूल नसलेले, एकमेकांवर जीव टाकणारे जोडपे आहे. गावच्या रोषापुढे जानेवारी २०१५ मध्ये लेखकाने आपल्यातला लेखक मेला असे जाहीर केले, आणि ५ जुलै २०१६ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने त्याला पुन्हा लिहिते होण्यास सांगितले. ते न्यायालय जॉर्ज टाऊनच्या तोंडाशी आहे. त्याच जॉर्ज टाऊनमध्ये एके काळी नागरत्नम्मा राहत.

आणि तंजावरकडे तर ‘लावणी’ या आपल्याच नावाने एक तमिळ गानप्रकार रुजलेला आहे. कामदहनाच्या सणाला दोन पक्ष समोरासमोर बसून सवालजवाब करतात: मदन जळाला म्हणणारी ‘एरिंद कट्चि’ आणि जळाला नाही म्हणणारी ‘एरियाद कट्चि’. मराठ्यांबरोबर गेलेल्या लावणीला तेथे हाच विषय मिळावा, याची मला गंमत वाटते.

मी संपादकांना उत्तर लिहिले. वंशावळीची पद्ये सर्वांत आधी छापावीत, चारही पद्ये ठेवावीत, नाहीतर संपूर्ण अनुवाद परत करावा, असे कळवले. ‘मेल्या’ तसाच आहे. तीन पद्ये अजून माझ्या हातून उतरलेली नाहीत; त्यांतल्या एका क्रियापदाला मराठीत प्रतिशब्द आहे, पण तो मी आजवर फक्त भांडणात ऐकला आहे. शेजारच्या तेलुगू बाई, ज्यांच्या मदतीने मी मूळ वाचते, म्हणतात की त्यांच्या भाषेतही तो भांडणातच ऐकू येतो, मुद्दुपळनीने तो तेथून उचलला. गुरुवारी त्या पुन्हा येणार आहेत.