बी आपल्या हाती नाही, मशागत आहे

बीड जिल्ह्यात बसून लठ्ठ मुलांविषयी लिहायचं म्हणजे काहींना नवल वाटेल. ज्या मुलखानं १९७२ चा दुष्काळ पाहिला, जिथली कुटुंबंच्या कुटुंबं दरसाल कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, तिथं पोरं लठ्ठ कुठून आली? पण आता खेड्यातही तसं एखादं मूल दिसतं, आणि त्याच्या आईला ऐकावी लागणारी बोलणीही कानावर येतात.

आमच्या घरचंच सांगते. माझ्या थोरल्या जाऊबाईंचा नातू नऊ वर्षांचा, अंगानं जाड. माझा नातू त्याच्याच बरोबरीचा, पण काडीसारखा. दोघं एकाच टोपल्यातली भाकर अन् एकाच पातेल्यातलं कालवण खातात. तरी बाया त्याच्या आईला विचारतात, "काय चारतीस गं एवढं?" वर्गात पोरं चिडवतात म्हणून पोट दुखतंय असं सांगून तो घरी राहू लागला. मग जाऊबाईंनी त्याची रात्रीची भाकर बंद करायचं ठरवलं. तेव्हा मी मध्ये पडले. म्हटलं, "जाऊबाई, वाढीच्या पोराला उपाशी निजवू नका. यात त्याचा दोष नाही, अन् सुनेचाही नाही."

का नाही, ते तुम्हालाही सांगते. आईबापांकडून लेकराला जे बियाणं मिळतं त्याला शास्त्रात जनुकं म्हणतात. बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईची अन् एक बापाची. २००७ साली इंग्लंडमधल्या संशोधकांना एफटीओ नावाच्या जनुकाचा एक प्रकार सापडला. तो दोन्हीकडून आलेली मोठी माणसं, तो मुळीच नसलेल्यांपेक्षा सरासरी तीन किलोंनी जड भरली. मुलांमध्ये हा फरक सातव्या वर्षापासून दिसू लागला.

पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. हा प्रकार असलेल्या मुलांचं शरीर अन्न जाळण्यात मागं नव्हतं. ताटातल्या अन्नाचं वजनही इतरांएवढंच होतं. पण त्यांची ओढ तेला-साखरेच्या, जास्त उष्मांकाच्या खाण्याकडं होती. म्हणजे मूल हावरट नसतं, त्याची ओढच उपजत वेगळी असते. अशी थोडाथोडा भार घालणारी कितीतरी जनुकं आता माहीत झाली आहेत.

मात्र बी आलं म्हणजे पीक ठरलं, असं नाही. तेच बियाणं खडकाळ रानात वेगळं येतं अन् काळ्या रानात वेगळं. दोन लाखांहून अधिक मोठ्या माणसांची माहिती २०११ साली एकत्र तपासली, तेव्हा अंगमेहनत करणाऱ्यांत या जनुकाचा परिणाम सुमारे २७ टक्क्यांनी कमी आढळला. पूर्वी आपल्या रानात ज्वारीची भाकर अन् दिवसभराची पायपीट होती. बियाणं तेव्हाही हेच होतं. बदललं ते टपरीवर टांगलेल्या पाच रुपयांच्या पुड्यांनी अन् हातातल्या मोबाईलनं.

आता काडीसारख्या पोरांविषयी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया अन् त्यांच्या लेकरांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोंची होती, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन शहरातली ३.५ किलोंची. आपली बाळं दिसायला बारीक, हातापायांत मांस कमी, पण चरबी त्या मानानं राखलेली. अशा शरीराला पुढं मधुमेहाचा धोका जास्त. म्हणून माझा नातू बारीक आहे, तरी त्याला बिस्किटांचे पुडे मोकळे नाहीत.

तेव्हा घरात जाड्या पोराचं वेगळं ताट अन् बारक्याचं वेगळं, असं करू नका. भाकर, डाळ, उसळ, पालेभाजी, ताक सगळ्यांना सारखं. पुड्या अन् रंगीत पाणी घरात आणूच नका. डोळ्यांसमोर ठेवून "खाऊ नको" म्हणणं हा जुलूम आहे. संध्याकाळी पोरांना कबड्डी खेळू द्या, पोरींनाही. पोटुशी बाई रानात असो वा फडावर, तिच्या ताटात डाळ, भाजी, दूध आधी पडू द्या. बाळाची घडण तिथूनच सुरू होते. अन् एखादं लेकरू पाच वर्षांच्या आतच झपाट्यानं फुगत असेल, कितीही खाल्लं तरी भूक भागत नसेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. क्वचित एकाच जनुकातल्या बिघाडानं तसं होतं, अन् त्यातल्या काहींवर औषध आहे.

चिडवल्यानं कुणाचं वजन उतरत नाही. पोर घरात तोंड लपवून बसतं, अन् जे खेळायला हवं तेच सुटतं. बियाणं कुणी निवडून आणलेलं नसतं. मशागत मात्र साऱ्या घरानं करायची असते, एकट्या आईनं नव्हे.