एकटीची चूल

वाचकहो, आपल्या घरी संध्याकाळ झाली की एक प्रश्न हटकून विचारला जात असेल : "आज जेवायला काय करायचं?" या रोजच्या प्रश्नाने गृहिणी किती त्रासून जातात, हे मला ठाऊक आहे. परंतु ज्या घरात हा प्रश्न विचारणारे कोणीच नसते, त्या घराची क्षणभर कल्पना करून पाहा. तेथे चूल पेटली काय आणि न पेटली काय, कोणाचे काही अडत नाही, असे वाटते. मी अशाच एका घरात नऊ वर्षे राहत आहे. चूल न पेटल्याने फार काही अडते, हे मला बरेच उशिरा आणि थोडी किंमत मोजून कळले. ती हकीकत सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

मी मूळची वाईची. बी.ए. झाल्यावर काही वर्षे पुण्यात मुद्रिते तपासली आणि पुढे अनुवाद व संपादन करण्याच्या नोकरीवर दिल्लीस आले. यमुनेच्या पूर्वेस मयूर विहारच्या बाजूला, एका तिमजली घराच्या गच्चीवरील खोलीत माझे बिऱ्हाड आहे. अशा खोलीला दिल्लीत 'बरसाती' म्हणतात. नाव मोठे काव्यमय. पण मे महिन्यात तिची भट्टी होते आणि जानेवारीत पाण्याला हात लावण्याचा धीर होत नाही. सामान म्हणाल तर एक कॉट, पुस्तकांचे दोन घोडे, एक शेगडी, पाच किलोचा लहान सिलिंडर आणि आईने निघताना आग्रहाने दिलेला तीन लिटरचा कुकर.

तो कुकर पहिली दोन वर्षे खोक्यातून बाहेर निघालाच नाही. सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी कार्यालयाच्या उपाहारगृहात दोन सामोसे किंवा छोले-भटुरे, संध्याकाळी परत चहा आणि रात्री पाव. असा माझा आहार होता. "एकटीसाठी कोण रांधणार?" हे वाक्य मी इतक्या वेळा उच्चारले होते की त्यात काही तथ्य आहे की नाही, हे तपासण्याची गरजच मला वाटली नाही. खेदाची गोष्ट अशी की, याच काळात समतोल आहारावरील एका पुस्तिकेचा अनुवाद माझ्या टेबलावर होता. 'कडधान्ये, पालेभाज्या व ऋतुमानानुसार मिळणारी फळे यांचा रोजच्या जेवणात समावेश असावा' हे वाक्य अधिक प्रवाही कसे करावे, याचा विचार मी एका हाताने बिस्किट चहात बुडवीत करीत असे.

त्याच हिवाळ्यात एके संध्याकाळी जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी पायरीवर मटकन बसले. खालच्या मजल्यावरील पंजाबी आजींनी पाणी दिले व दुसऱ्या दिवशी स्वतः मला दवाखान्यात नेले. रक्त तपासले. प्रौढ स्त्रीच्या रक्तात हिमोग्लोबिन किमान 12 ग्रॅम असावे. माझे 8 च्या जरासे वर होते. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि विचारले, "काल रात्री काय जेवलात?" मला उत्तर देता येईना. लाज वाटत होती म्हणून नव्हे, खरोखरच आठवत नव्हते. त्या शांतपणे म्हणाल्या, "आठवत नाही, याचा अर्थ तुम्ही जेवला नाहीत."

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रिया पंडुरोगी आहेत. त्यांतील कित्येकींना पोटभर अन्न मिळत नाही. माझ्या हाती मात्र पगार होता, दाराशी बाजार होता आणि घरात कुकर होता. या विचाराने मी ओशाळले. त्या रविवारी कुकर खोक्यातून निघाला.

स्वयंपाक शिकण्याआधी मला बाजाराची भाषा शिकावी लागली. शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाची अशी फजिती व्हावी, हे गमतीचेच. आमच्या भागात आठवड्यातून एकदा रस्त्याच्या कडेने बाजार भरतो. तेथे एका भाजीवाल्याने "सीताफल ले लो" अशी हाक दिली. हिवाळ्यात सीताफळ कसे, याचे नवल वाटून मी अर्धा किलो मागितले, तर त्याने तांबड्या भोपळ्याची फोड कापून हाती दिली! दिल्लीत सीताफल म्हणजे भोपळा आणि आपले सीताफळ म्हणजे शरीफा. आपली मटकी येथे मोठ होते, चवळी लोबिया होते, अळकुड्या अरबी होतात. वाण्याकडे 'शक्कर' मागावी तर तो गुळाची भुकटी पुढे करतो. साखर हवी असल्यास 'चीनी' म्हणावे.

परंतु सर्वांत मोठा धडा चाकवताने दिला. आई थंडीत चाकवताची ताकातली भाजी करी. वर लसणीची फोडणी. दिल्लीत चाकवत मिळत नाही, अशी मी दोन हिवाळे हळहळत होते. एके दिवशी खालच्या आजी गच्चीवर उन्हात बसून बथुआ निवडीत होत्या. मी एक पान चुरगळून पाहिले आणि थबकले. बथुआ म्हणजेच चाकवत! दोन वर्षे तो प्रत्येक भाजीवाल्याच्या टोपलीत माझ्यासमोर होता. मी फक्त त्याचे नाव चुकत होते. त्या रात्री केलेली भाजी अंमळ आंबट झाली होती, तरी मी भांडे पुसून खाल्ले.

आता एकटीच्या स्वयंपाकाची माझी रीत सांगते. एका माणसाचे रांधणे अवघड असते ते प्रमाणामुळे. पाककृतींची पुस्तके चार माणसांसाठी लिहिलेली. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' माझ्याजवळ आहे. त्यातील मापांना चाराने भागता भागता माझे अंकगणित सुधारले. पण चिमूटभर हिंगाला चाराने कसे भागणार? शेवटी मी प्रमाण कमी करण्याचा नाद सोडला आणि एकाच पदार्थाला तीन दिवस तीन रूपे देण्याचे ठरविले.

रविवारी एक वाटी तुरीची डाळ शिजवते. पहिल्या दिवशी साधे वरण, भात, तूप, लिंबू. उरलेली डाळ थंड झाल्याबरोबर झाकून शीतपेटीत. दुसऱ्या दिवशी चिंच, गूळ व गोडा मसाला घालून आमटी. तिसऱ्या दिवशी त्याच आमटीला पाणी वाढवून, उकळी आली की कणकेच्या लाटलेल्या पोळीच्या शंकरपाळ्यासारख्या वड्या सोडते, म्हणजे वरणफळे होतात आणि वेगळी पोळी करावी लागत नाही. बुधवारी मटकी किंवा मूग भिजत घालते. उन्हाळ्यात मोड एका रात्रीत येतात, थंडीत दोन दिवस वाट पाहावी लागते आणि फडके लोकरी शालीत गुंडाळावे लागते. भिजवून मोड आणल्याने कडधान्यातील लोह शरीरास अधिक सुलभ होते, आणि उसळीवर लिंबू पिळल्यास त्यातील 'क' जीवनसत्त्व त्या कामी साह्य करते. उलट, जेवणाबरोबर घेतलेला चहा लोहाच्या शोषणात अडथळा आणतो. हे सारे त्या पुस्तिकेत लिहिलेले होते आणि मराठीत मीच लिहिले होते! आता माझा चहा जेवणापासून तासभर दूर असतो.

काटकसरीच्या चार गोष्टी आजींकडून आणि चार आईकडून शिकले. मुळा घेतला की पाला टाकायचा नाही; डाळीचे पीठ पेरून त्याची भाजी करायची. दुधी भोपळ्याच्या साली तिळाबरोबर परतून चटणी. फ्लॉवरचे कोवळे दांडे सांबारात. शिळ्या पोळीचा कुस्करा, शिळ्या भाताला फोडणी. कुकरमध्ये खाली डाळ, वर तांदूळ, त्यावर बटाटा. एकाच वेळच्या गॅसवर तिन्ही शिजतात. दाब वाढला की पाणी 100 अंशांऐवजी सुमारे 120 अंशांवर उकळते, म्हणून वेळ व इंधन दोन्ही वाचतात; पण शिट्टी होऊ लागताच आच मंद करावी, नाहीतर वाचलेला गॅस वाफेवाटे निघून जातो. दिल्लीचे भाजीवाले भाजीवर मूठभर कोथिंबीर व दोन-चार मिरच्या फुकट घालतात, हीही एक बचतच. दूध मी मदर डेअरीच्या केंद्रावरून भांडे नेऊन सुटे आणते आणि किराणा केंद्रीय भांडारातून. ज्वारीचे पीठ, कोकम असे काही हवे असले, तर महिन्यातून एकदा आय.एन.ए. बाजारात जाते, तेथे नाना प्रांतांतील लोकांना आपापल्या माहेरची वस्तू सापडते.

जमाखर्चाची वही मी ठेवते. पूर्वी बाहेरच्या खाण्यावर जे खर्च होत असे, त्याच्या जवळजवळ निम्म्यात आता माझे दोन्ही वेळचे जेवण होते, गॅससकट. वाचलेल्या पैशांतून प्रतिमासी काही रक्कम टपाल कचेरीत पडते. सहा महिन्यांनी रक्त पुन्हा तपासले तेव्हा हिमोग्लोबिन 11 वर आले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्यांनी काम केले, आणि आता जेवणही करते आहे."

येथे हा लेख संपला असता, तर तो केवळ माझ्या शहाणपणाची कथा झाला असता. पण त्या वर्षी मी दिवाळीला वाईस गेले. वडिलांना जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. न कळवता एक दिवस आधी पोहोचले. संध्याकाळचे साडेसात झाले होते. ओटा स्वच्छ पुसलेला, कोरडा. डब्यात सकाळच्या दोन पोळ्या आणि पेल्यात दूध. ज्या बाईने चाळीस वर्षे दोन्ही वेळ चारी ठाव स्वयंपाक केला, तिचे ते रात्रीचे जेवण होते.

"आई, भाजी?"

"अगं, एकटीसाठी काय करायचं? तू येणार हे ठाऊक असतं तर केलं असतं."

माझेच वाक्य माझ्या आईच्या तोंडून ऐकताना मला काय वाटले, ते मी शब्दांत सांगू शकत नाही. मी रोज रात्री दूरध्वनीवर "जेवलीस का?" असे विचारी आणि ती "हो" म्हणे. ती मला हेच विचारी आणि मीही "हो" म्हणे. दोन वर्षे आम्ही मायलेकी एकमेकींना खोटे बोलत होतो, तेही केवळ मायेपोटी.

त्या रात्री मी पदर खोचला. वरणफळे केली. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "मीठ कमी आहे. पण फळं पातळ लाटलीस हो." मग थोडे थांबून, "तुझे बाबा गेल्यापासून मी ही केलीच नव्हती."

निघताना आम्ही एक करार केला. रात्री "जेवलीस का?" असे विचारायचे नाही, "काय केलंस?" असे विचारायचे. पहिल्या प्रश्नाला 'हो' म्हणून सुटता येते, दुसऱ्याला उत्तर देण्यासाठी काहीतरी करावेच लागते. तेव्हापासून रोज आठ वाजता ती विचारते आणि मी सांगते. मी विचारते आणि ती सांगते. कधी तिचे पिठले, कधी माझी खिचडी. कधी कंटाळा येतो, कधी कार्यालयातून परतायला नऊ वाजतात. तेव्हा मी "आज पाव" असे खरे सांगते आणि तिचे बोलणे ऐकून घेते. हा करार मोडलेला नाही.

वाचकहो, आपल्या ओळखीत असे कोणी एकटे असेलच. नोकरीसाठी परगावी गेलेला मुलगा, मुले दूर गेलेली मावशी, शेजारचे निवृत्त काका. त्यांची विचारपूस आपण करीतच असाल. एवढेच सुचवावेसे वाटते की, त्यांना "जेवलात का?" असे विचारू नका. "आज काय केलंत?" असे विचारा, आणि उत्तर नीट ऐका. त्यांच्या चुलीची कोणीतरी वाट पाहत आहे, एवढे कळले तरी ती पेटते, असा माझा अनुभव आहे.

आता आठ वाजायला आले आहेत. बथुआ शिजला आहे, ताक घुसळून ठेवले आहे, लसणीची फोडणी तेवढी व्हायची आहे.