आज भाजी काय करायची?

"कालचीच भेंडी परत? मी नाही जेवणार!"

दारात चपला काढताना हे कानावर आलं आणि मी तिथंच थबकले. आत दोघींची जुंपली होती. एकीला भेंडी हवी, दुसरीला बिरडं. तिसरी खाली बसून दोघींकडे ढुंकूनही न बघता खवणीवर नारळ खवत होती. घरोघरी चालतं तसंच सगळं. पण ही खवणीवर बसलेली मावशी बारा वर्षं एका मनोरुग्णालयात राहिली होती. शेकडो माणसांचा स्वयंपाक एकदम होतो तिथं कोण कुणाला विचारणार, "आज भाजी काय करायची?" मी घरात पाऊल टाकलं तर तिनं मान वर केली आणि मलाच विचारलं, "तुमच्याकडे काय केलंय आज?"

त्याला चार दिवस झाले. तेव्हापासून मी भेटेल त्याला हेच सांगते आहे. नवऱ्याला फोनवर दोनदा सांगून झालं, एसटीत शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलीला सांगितलं, आणि आता तुम्हाला सांगते आहे. कारण बेघर माणसांचं काय करायचं हा प्रश्न मी पुण्यात रोज पुलाखालून जाताना मनात घोळवते, आणि त्याचं एक धडधडीत, जितंजागतं, नारळ खवणारं उत्तर माझ्या माहेराला लागून, कुंपणापलीकडे राहतंय!

माझं माहेर रत्नागिरीचं. नागपूर, ठाणे, पुणे आणि रत्नागिरी ही राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. त्यामुळे लहानपणी इतर गावची पोरं "ठाण्याला पाठवू का?" म्हणून एकमेकांना चिडवायची, तेव्हा आम्हाला पाठवायला लांब जावंच लागत नसे. त्या रुग्णालयाच्या भिंतीवरून जाताना मी आईचा पदर घट्ट धरायचे. आत गेलेली माणसं बाहेर येतात की नाही, आणि आली तर कुठं जातात, हे कुणी सांगितलं नाही. मीही पन्नाशी येईस्तोवर विचारलं नाही.

गेल्या वर्षी आईचा घाबरा फोन आला होता. शेजारचं बंद घर भाड्यानं गेलं, पाच बायका राहायला आल्यात, "हॉस्पिटलातून आलेल्या". मी तिला समजावलं, पण खरं सांगायचं तर मीही मनातून चरकले होते. आई ऐंशीची, एकटी. यंदा शिमग्याच्या पाठोपाठ गेले ती थोडी त्याच काळजीनं.

गेल्यावर कळलं की या उपक्रमाचं नाव 'होम अगेन'. चेन्नईच्या 'द बनियन' या संस्थेनं तो उभा केला. वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या दोन मैत्रिणींनी १९९३ मध्ये ती संस्था काढली, तेव्हा दोघी जेमतेम विशी-पंचविशीतल्या. रस्त्यावर भटकणारी एक मनोरुग्ण बाई त्यांना दिसली, तिला न्यावं तर कुठंच जागा मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच जागा केली. 'अडैक्कलम्' म्हणजे तमिळमध्ये आसरा, हे त्या पहिल्या जागेचं नाव. रस्त्यावरच्या बायकांना आणायचं, उपचार करायचे आणि बरं वाटलं की त्यांच्या घरी पोचवायचं.

इथवर मला समजत होतं. आपल्याकडे डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ पासून 'श्रद्धा'तर्फे हेच काम केलं. कर्जतहून हजारो हरवलेली माणसं देशभर आपापल्या गावी परत गेली आणि २०१८ मध्ये त्यासाठी डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या भेटींचे फोटो पाहून मी रडलेली आहे. आई पोराला कवटाळते, गाव गोळा होतो. माझ्या डोक्यात ती गोष्ट तिथंच पुरी व्हायची.

पण ज्यांना कवटाळायला कुणी उरलंच नाही त्यांचं काय? नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, भावानं दार उघडलं नाही, गावाचं नावच आठवत नाही, अशा बायकांनी जायचं कुठं? औषध घेऊन वर्षानुवर्षं बऱ्या असलेल्या, तरी केवळ पत्ता नाही म्हणून आतच राहिलेल्या! हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. आणि आता वाचलं तर कळलं की कायद्यालाही तो सुचलाय! २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं एकोणिसावं कलम सांगतं की कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, बेघर आहे किंवा समाजात राहण्याची सोय नाही, एवढ्याच कारणासाठी कुणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. मी ते कलम आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. आई म्हणाली, "म्हणजे सोय कुणीतरी करायला हवी."

तेच तर! सोय म्हणजे काय, तर घर. साध्या वाडीतलं, साधं भाड्याचं घर. चार-पाच जणी एकत्र राहतात, शक्यतो आपसात पटणाऱ्या. कुणाला किती मदत लागते ते पाहून सोबतीला मदतनीस ताई. बस. दारावर पाटी नाही, फाटकावर रखवालदार नाही. २०१५ च्या सुमारास तमिळनाडूत सुरू झालेलं हे काम केरळात आणि आपल्या महाराष्ट्रात आलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये जगभरातल्या चांगल्या सामुदायिक मानसिक आरोग्यसेवांची उदाहरणं पुढं ठेवली, त्यात याचं नाव आहे. आणि तेच काम आता, ज्या भिंतीवरून जाताना मी आईचा पदर धरायचे तिच्याच गावात!

त्या रात्री मी माळ्याखालच्या खोलीत पहाटेपर्यंत मोबाईलवर वाचत बसले. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञानं एक उलटी गोष्ट करून पाहिली होती. तोवरची रीत अशी की रस्त्यावरच्या माणसानं आधी दारू सोडावी, औषध नीट घ्यावं, निवाऱ्यात शिस्तीत राहून दाखवावं, मग शेवटी बक्षीस म्हणून घर. त्यानं सांगितलं, आधी घर द्या, बाकीचं त्या घरात बसून बघू. आणि माणसं टिकली! बहुतेक जण त्या घरांतून हलले नाहीत. कॅनडानं पाच शहरांत दोन हजारांवर माणसांना घेऊन हे पडताळून पाहिलं, तिथंही नेहमीच्या रीतीपेक्षा आधी घर मिळालेली माणसंच घरात अधिक टिकली. फिनलंडनं २००८ पासून देशाचं धोरणच तसं केलं, निवाऱ्यांच्या इमारती बदलून त्यात लोकांना स्वतःच्या नावच्या भाडेकराराची घरं दिली. मी अंधारात एकटीच मान डोलवत होते. ओली जखम घेऊन पावसात उभ्या असलेल्या माणसाला आपण म्हणतो, आधी बरा हो, मग आत घेऊ!

आपल्याकडे २०११ च्या जनगणनेनं देशात सतरा लाखांवर माणसं बेघर मोजली. त्यातली दोन लाखांहून जास्त महाराष्ट्रातली. रात्र निवारे हवेतच, लाखभर वस्तीमागं एक असा दंडकही आहे. पण निवाऱ्यात पाठ टेकते. भांडायला घर लागतं.

तर त्या घरात मी काय पाहिलं ते सांगते. फ्रिजवर गोळ्यांचे डबे, प्रत्येकीच्या नावाचे, सकाळ-रात्र असे कप्पे पाडलेले. एकीला साखर, एकीला बीपी, आणि त्या गोळ्याही त्याच डब्यात, मनाच्या गोळ्यांच्या शेजारी. मला हे फार आवडलं. मनाचं औषध लपवून वेगळं ठेवलेलं नाही. तपासणीची तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवलेली, त्या दिवशी मदतनीस ताई बरोबर जाते. मी विचारलं, कुणाचं पुन्हा बिघडलं तर? ताई म्हणाली, "गेल्या पावसाळ्यात एकीचं बिघडलं. महिनाभर दाखल होती. गादी तिची तशीच ठेवली होती आम्ही." यावर मी काहीच बोलू शकले नाही. आजारी पडल्यावर आपलं अंथरूण आपली वाट बघतंय, यापेक्षा मोठा उपचार मला तरी माहीत नाही.

सगळ्यात धाकटी पस्तिशीची. ती मला तिचं आधार कार्ड दाखवायला घेऊन आली. फोटो नाही दाखवला, उलटी बाजू दाखवली. पत्ता! वाडीचं नाव, तालुका, पिनकोड. त्या पत्त्यावर बँकेत खातं निघालं होतं. काजूच्या एका छोट्या कारखान्यात ती गर सोलायला जाते, त्याचे पैसे त्यात. पहिल्या पगाराचं काय घेतलं म्हटल्यावर लाजत म्हणाली, "गाऊन. फुलाफुलांचा." मावशी मध्येच म्हणाली, "आणि दुपारी मनात येईल तेव्हा झोपते ती." दुसऱ्या कुणाच्या घंटेवर न झोपण्याचं हे सुख मी आजवर कधी मोजलंच नव्हतं.

आणि पालखी! हे मला आईनं सांगितलं. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी वाडीत घरोघर फिरते. यंदा मानकऱ्यांत कुजबुज झाली, त्या घरी न्यायची का. ढोल क्षणभर थांबले म्हणे. मग वाडीतलेच एक आजोबा म्हणाले, "चूल पेटते ना तिथं? मग घर आहे." आणि पालखी त्यांच्या अंगणात गेली, नाचली. मावशीनं ओटी भरली. हात कापत होते तिचे. रात्री मी मावशीला विचारलं, देवीकडे काय मागितलंत? म्हणाली, "मागायचं राहूनच गेलं गो, नारळ कसा धरायचा तेच आठवत होते."

परत निघायच्या दिवशी सकाळी ओट्यावर एक अनोळखी स्टीलची वाटी दिसली. कुणाची म्हणून विचारलं तर आई दूध कोमट करता करता म्हणाली, "आपलं दही संपलं होतं. काल त्यांच्याकडून विरजण आणलं." वर्षापूर्वी मला घाबरून फोन करणारी माझी आई! मी नुसती बघत राहिले. तिनं वाटी धुतली, पुसली, आणि रिकामी कशी द्यायची म्हणून इकडेतिकडे पाहिलं. परसातले ओले काजू कालच सोलून ठेवलेले होते.

"जा गं," ती म्हणाली, "त्यांना विचारून ये, उसळ तिखट खातात का ते."