किताब स्वस्त, टपाल महाग

पुस्तक घेताना आपण मागच्या पानावरची किंमत पाहतो. पण उमरखेड, दारव्हा किंवा नेरमध्ये राहणाऱ्या उर्दू वाचकाला त्यावर आणखी एक किंमत मोजावी लागते, ती टपालाची. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, मुले आहेत, वाचायची आवडही आहे. दुकाने मात्र मुंबईच्या मोहम्मद अली रोडला, मालेगावला, नाहीतर थेट दिल्लीच्या उर्दू बाजारात. मराठीतही नव्या पुस्तकांचे मोठे दुकान प्रत्येक तालुक्याला नसते. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. संमेलन म्हटले की पुस्तकांचे स्टॉल आलेच. पण संमेलन तीन दिवसांचे असते, उरलेले वर्ष पुस्तक पोस्टमनच्या पिशवीतूनच यायचे असते.

त्यामुळे टपालाचे दर वाढले की आमच्याकडे वाचन कमी होते. हिशेब इतका सरळ आहे.

टपाल खात्यात छापील पुस्तकांसाठी रजिस्टर्ड बुक पोस्टची वेगळी, स्वस्त सोय होती. एक किलोच्या पाकिटाला 32 रुपये आणि पाच किलोला 80 रुपये लागत. 18 डिसेंबर 2024 रोजी ही सोय बंद झाली. पूर्वसूचना नाही, जाहिरात नाही. काउंटरवरच्या संगणकातून तो पर्यायच निघून गेला. तीच पुस्तके रजिस्टर्ड पार्सलने पाठवायची तर एक किलोला 78 आणि पाच किलोला 229 रुपये पडू लागले.

माझी एक माजी विद्यार्थिनी पुसद तालुक्यात घरबसल्या पुस्तके विकते. व्हॉट्सअ‍ॅपवर यादी टाकते, ऑर्डर घेते. उर्दू कायदे, मुलांच्या गोष्टी, मराठीत लिहिणाऱ्या मुस्लिम लेखकांची पुस्तके, स्पर्धा परीक्षांची गाइडे. त्या दिवसांत तिला एका गिऱ्हाइकाने विचारले, "आपा, किताब नव्वद की और डाक खर्च अठहत्तर का?" ती काय सांगणार? नव्वदच्या पुस्तकावर तिला दहा-पंधरा रुपये सुटतात, टपाल खिशातून भरणे शक्यच नाही. त्या महिन्यात तिच्या अनेक ऑर्डर रद्द झाल्या. मोठ्या ऑनलाइन कंपन्या 'फ्री डिलिव्हरी' लिहितात. फुकट काहीच नसते. त्यांचा माल इतका असतो की कुरिअरवाला त्यांना वेगळा दर देतो, आणि उरलेला खर्च दुसऱ्या वस्तूंच्या नफ्यातून निघतो. एकट्या बाईला यातले काहीच जमत नाही. तिची कुरिअर कंपनी आणि तिचा घाऊक दर, दोन्ही म्हणजे पोस्टाची खिडकी.

प्रकाशकांनी आणि वाचकांनी ओरड केली. 1 मे 2025 पासून टपाल खात्याने 'ज्ञान पोस्ट' सुरू केले. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, एक किलोपर्यंत 35, पाच किलोपर्यंत 100, कर वेगळा. पाकीट कुठे पोहोचले तेही पाहता येते. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तके चालतात. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव हवे. ठरावीक काळाने निघणारी नियतकालिके मात्र यात बसत नाहीत. म्हणजे मुलांचा कायदा स्वस्तात येईल, पण उर्दू मासिकांचे जुने अंक वर्गासाठी मागवायचे तर हा दर नाही.

टपालाचा दर ठरवणे म्हणजे कुणाला सवलत द्यायची हे ठरवणे, ही गोष्ट जगभर दिसते. 1874 मध्ये बर्न शहरात करार होऊन पुढे जागतिक टपाल संघ उभा राहिला. भारत 1876 पासून त्यात आहे. सुरुवातीचा नियम साधा होता. तिकिटाचे पैसे पाठवणाऱ्या देशाने ठेवायचे आणि वाटप घेणाऱ्या देशाने फुकट करायचे, कारण प्रत्येक पत्राला उत्तर येतेच. पण सगळ्या देशांत टपाल सारखे येत-जात नाही, म्हणून 1969 मध्ये वाटपाचा मोबदला देण्याचे ठरले. पुढे गरीब देशांसाठी हा मोबदला कमी ठेवला गेला. हेतू चांगला होता.

मग ऑनलाइन बाजार आला. चीनची गणना त्या संघात विकसनशील देशांतच होत राहिली, आणि दोन किलोपर्यंतची छोटी पाकिटे चीनमधून अमेरिकेच्या घराघरांत पोहोचू लागली. अमेरिकेतल्या छोट्या विक्रेत्यांची तक्रार होती की शेजारच्या राज्यात पाकीट पाठवायला त्यांना जास्त खर्च येतो आणि चीनमधून येणारे स्वस्तात येते. ऑक्टोबर 2018 मध्ये अमेरिकेने संघ सोडण्याची नोटीस दिली. सप्टेंबर 2019 मध्ये जिनिव्हात खास अधिवेशन भरले, तडजोड झाली आणि जुलै 2020 पासून अमेरिका स्वतःचे दर लावू लागली.

भांडण मोठ्या देशांचे होते, पण अशा निर्णयांची झळ आपल्यापर्यंतही येते. अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या मालावरची सीमाशुल्क माफी 29 ऑगस्ट 2025 पासून काढली. त्याआधीच, 25 ऑगस्टपासून, आपल्या टपाल खात्याने अमेरिकेला जाणारी बहुतेक पार्सले घेणे थांबवले. 15 ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली. माझ्या त्या विद्यार्थिनीकडे तेव्हा अमेरिकेत राहणाऱ्या एका वऱ्हाडी कुटुंबाची ऑर्डर होती. नातवंडांना उर्दू आणि मराठी दोन्ही यावे म्हणून आजीने पुस्तके मागवली होती. तशीही पुस्तकांच्या किमतीपेक्षा टपालच कितीतरी जास्त होणार होते. आता तर रस्ताच बंद. शेवटी इकडून तिकडे जाणाऱ्या एका पाहुण्याच्या बॅगेतून ती पुस्तके गेली.

सवलत वाईट असते असा याचा अर्थ नाही. चीनला मिळालेली सवलत काळ बदलल्यावरही तशीच राहिली, हा एक दोष. आपल्याकडे पुस्तकांची सवलत एका दिवसात काढून टाकली, हा दुसरा. दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारायला हवा होता: ही सवलत कुणासाठी होती आणि आज ती कुणाच्या कामी येते? पुस्तकांच्या सवलतीचे उत्तर स्पष्ट आहे. देशात दीड लाखाहून जास्त पोस्ट ऑफिसे आहेत आणि त्यांतली बहुतेक खेड्यांत आहेत. खासगी कुरिअर जिथे जायला नाही म्हणतो किंवा जादा पैसे मागतो, तिथे पोस्टमन जातो. दुकान नसलेल्या गावासाठी स्वस्त पुस्तक टपाल हेच फिरते वाचनालय आहे.

म्हणून शिक्षक आणि पालकांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. खिडकीवर जाऊन नुसते 'पार्सल करायचे' म्हणू नका, 'ज्ञान पोस्ट' असे नाव घेऊन मागा. नाव न घेतल्यास पाकीट महागड्या दरात जाऊ शकते. दुसरे, एकेकट्याने मागवू नका. शाळेने मिळून पाच किलोचे एक पाकीट मागवले, तर शंभर ग्रॅमची पंचेचाळीस पुस्तके त्यात आरामात बसतात आणि प्रत्येक पुस्तकामागे टपाल सव्वादोन रुपयांच्या आसपास पडते. तेवढ्यात आज चॉकलेटसुद्धा मिळत नाही.

मुलांच्या मासिकांचे अंकही या दरात घ्या, ही मागणी मात्र लावून धरावी लागेल. बुक पोस्ट बंद झाले तेव्हा ओरड झाली, म्हणून पाच महिन्यांत ज्ञान पोस्ट आले. मासिकांसाठी अजून कुणी तसे बोललेले माझ्या ऐकण्यात नाही.