चैत्रातला जोतिबा



ऊस कारखान्याला गेला, गहू-हरभरा घरात आला, हळदीची कामेही उरकत आली, की आपल्याकडच्या माणसाचे पाय आपोआप डोंगराकडे वळतात. चैत्री पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असते आणि तिला जाणारे बहुतेक सारे तुमच्या-आमच्यासारखेच शेतावरचे लोक. पण मी तुम्हांला सांगेन, जमल्यास यात्रेच्या आठ दिवस आधी किंवा नंतरही एकदा जाऊन या. यात्रेत देव दिसतो, डोंगर दिसत नाही.

कोल्हापूरपासून जोतिबा १८ किलोमीटरच्या आसपास. गावाचे नाव वाडी रत्नागिरी, तालुका पन्हाळा. उंची समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या वर. एस.टी. थेट देवळाजवळ नेऊन सोडते. तरी हातीपायी धड असाल तर शेवटचा टप्पा पायी चढा. चैत्रातली सकाळ असावी. पळस-पांगाऱ्याचा बहर ओसरत आलेला असतो, करवंदीच्या जाळ्यांत हिरवी फळे धरलेली असतात, कडुनिंबाच्या मोहराचा वास येतो आणि कोवळी तांबूस पाने उन्हात चमकतात. बरोबर पोरेबाळे असतील तर त्यांना झाडांची नावे विचारा. शाळेतल्या पुस्तकापेक्षा हा धडा लवकर पाठ होतो.

वर पोचल्यावर लगेच देवळात शिरू नका. आधी कडेला उभे राहून खाली पाहा. दक्षिणेला पंचगंगेचे खोरे, उत्तरेला वारणेचे. मध्ये जिकडेतिकडे हिरवे चौकोन दिसतात, तो सुरू आणि खोडव्याचा ऊस. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या मिळून पंचगंगा होते. त्या पाण्याने या भागाला काय दिले आहे ते या उंचीवरून एका नजरेत कळते. २०१९ आणि २०२१ सालच्या महापुरात याच खोऱ्यातली शिवारे पाण्याखाली होती, हेही आठवते.

देवळाची हकिगत थोडक्यात सांगतो. मूळचे देऊळ नावजी साया नावाच्या भक्ताने बांधल्याचे सांगतात. त्या जागी आजचे केदारनाथाचे देऊळ १७३० साली राणोजी शिंद्यांनी बांधले. शेजारचे केदारेश्वराचे देऊळ १८०८ मध्ये दौलतराव शिंद्यांनी उभारले. सारे काम काळ्या दगडाचे, पण शिखरापासून पायरीपर्यंत गुलालाने इतके माखलेले की दगडाचा मूळ रंग शोधावा लागतो. रत्नासुराला मारून देव इथे राहिला, म्हणून डोंगराला रत्नागिरी म्हणतात अशी कथा आहे. जरा अंतरावर यमाईचे देऊळ आहे. यात्रेच्या दिवशी पालखी तिच्याकडे जाते. त्या देवळासमोर दोन तीर्थे आहेत. त्यांतले एक जिजाबाईसाहेबांनी १७४३ च्या सुमारास बांधले. एवढ्या उंचीवर पाण्याची सोय करणारी ती माणसे मला देऊळ बांधणाऱ्यांइतकीच मोठी वाटतात.

यात्रेचे खरे वैभव म्हणजे सासनकाठ्या. तीस-पस्तीस फुटांची काठी, तिला रंगीत वस्त्रे, फुले आणि शेंड्याला दवणा. एक जण ती पेलून नाचवतो, बाकीचे चारी बाजूंनी दोर धरून तोल सांभाळतात आणि ‘चांगभलं’चा गजर चालू असतो. सातारा जिल्ह्यातल्या पाडळी आणि विहे या गावांच्या काठ्यांना पहिला मान. इंग्लंडातही वसंत आला की मे महिन्याच्या एक तारखेला खेड्याखेड्यांत उंच खांब उभा करून त्याला फुले आणि फिती बांधतात, मुले त्याभोवती फेर धरून नाचतात. माणूस कुठलाही असो, हिवाळा सरला की त्याला काहीतरी उंच उभारावेसे वाटते. फरक एवढाच, की त्यांचा खांब गावातच उभा राहतो, आपली काठी गाव बरोबर घेऊन चालत येते. २०२० आणि २०२१ साली कोरोनामुळे यात्रा भरली नाही. २०२२ साली ती पुन्हा भरली, तेव्हा कित्येक म्हाताऱ्या माणसांनी काठीला हात लावून डोळे पुसले.

दवण्याविषयी दोन शब्द, कारण तो माझ्या खात्याचा विषय. देवाला आवडणारी ही सुवासिक वनस्पती पुरंदर तालुक्यात शेतकरी पीक म्हणून घेतात. थंडीत लावायची, तीन-चार महिन्यांत काढायची. दक्षिणेकडच्या राज्यांत तिचे तेल काढून परदेशी अत्तरवाल्यांना विकतात. बी फार दिवस टिकत नाही, म्हणून दरसाल ताजे धरावे लागते. आधी बाजार पाहा, मग चार गुंठ्यांवर करून बघा. एकदम एकरभर लावू नका.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो ते सांगतो. गेल्या चैत्रात चढताना डाव्या अंगाचा सबंध उतार काळा पडलेला दिसला. वणवा लागून गेला होता. सावलीला एक वयस्कर शेतकरी बसले होते, कऱ्हाडकडचे. मी हळहळलो तसे ते म्हणाले, “साहेब, पेटवलं की गवत जोरात येतंय. आमच्या वाडवडलांपासनं चालत आलंय.”

मी म्हणालो, “बाबा, जोरात येतंय ते दिसायला. जुनं वाळकं जळून गेल्यावर नवा कोंब लगेच नजरेत भरतो, राखेनंही थोडा जोर येतो. पण मारवेलासारखं चांगलं गवत मागं पडतं आणि कुसळीचं फावतं. ती पुढं जनावराच्या तोंडात टोचते ना?”

“टोचती खरं,” ते म्हणाले. मग बराच वेळ त्या काळ्या उताराकडे बघत राहिले.

बंधूंनो, चैत्रात टिटवी आणि लावा जमिनीवर अंडी घालतात, ती जळतात. कोवळी रोपे जळतात. आणि सर्वांत वाईट म्हणजे वळवाचा पहिला जोरदार पाऊस उघड्या मातीवर पडतो. गवताची आडकाठी नसल्यामुळे माती ओढ्यात जाते, पाणी डोंगरात न मुरता वाहून जाते, आणि पायथ्याच्या विहिरींना उन्हाळ्यात झरा राहत नाही. विडीचे थोटूक टाकणारा वर असतो, हंडा घेऊन हिंडणारी बाई खाली असते.

त्याच दिवशी वरून पाहताना खालच्या शिवारातही पाच-सहा ठिकाणी धूर दिसला. तो पाचटाचा. एका हेक्टरमधून साधारण आठ ते दहा टन पाचट मिळते, आणि आपण काडी लावून मोकळे होतो. खोडवा ठेवणार असाल तर पाचट सरीत दाबा, बुडखे जमिनीलगत छाटा, आणि दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी द्या. तण दबते, ओल टिकते, उन्हाळ्यातली एखादी पाळी वाचते. मजुरीचा प्रश्न आहे हे मी जाणतो. निदान एका पट्ट्यात करून शेजारच्या पट्ट्याशी ताडून पाहा.

वेळ उरला तर पुढे पन्हाळ्याला जा, दहा-बारा किलोमीटर आहे. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज इथूनच निसटले, हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण शेतकऱ्याने आवर्जून पाहावा तो अंबरखाना. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याच्या कोठारांची नावे. गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावे असे सांगतात. आत शिरताच बाहेरचे ऊन विसरायला होते, इतका गारवा. भिंतींची जाडी हाताने मोजून पाहा.

जाताना घरची भाकरी, कांदा आणि पाण्याची कळशी न्या. गुलाल उधळताना लहान मुलांचे डोळे फडक्याने झाका. प्लॅस्टिकच्या पिशव्या खाली परत आणा. जनावरे डोंगरावर चरतात आणि त्या खातात. उतरताना वाटेवरच्या बायांकडून कैऱ्या घ्या. भाव फार करू नका, त्या डोक्यावरून आणलेल्या असतात.