बंधुराजांचे विमान

आमच्या घराण्यात विमान हा शब्द फार दिवस दोनच प्रसंगी उच्चारला जात असे. एक तुकाराम बीजेला आणि दुसरा रामनवमीच्या कीर्तनात, पुष्पकाचे वर्णन आले म्हणजे. ही दोन्ही विमाने देवादिकांची. त्यांना पेट्रोल लागत नसे, आणि पुष्पकात तर कितीही माणसे बसली तरी एक जागा रिकामीच राही, असे बुवा सांगत. त्यामुळे ‘धाकट्याने विमान घेतले’ ही बातमी अमेरिकेहून सांगलीला आली, तेव्हा आईने ‘विमानाचे तिकीट घेतले’ असाच तिचा अर्थ लावला आणि ‘कधी येतोय?’ म्हणून विचारले.

खुलासा झाल्यावर ती दोन दिवस कोणाशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, “तू सुट्टीत त्याच्याकडे जाणारच आहेस ना? मग त्याला ते विकायला लाव. तुझं ऐकेल तो.”

ही गोष्ट २०१९ सालची. मी कॉलेजात मराठी शिकवतो. माझे कोणी ऐकते, असा आईखेरीज जगात कोणाचाही समज नाही. तरीही ही कामगिरी शिरावर आणि दोन किलो थालीपिठाची भाजणी पिशवीत घेऊन मी मेअखेर सॅन फ्रान्सिस्कोला उतरलो.

तिथून दक्षिणेला, मोटारीने अर्ध्यापाऊण तासावर पालो आल्टो नावाचे गाव आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठामुळे जगभर नाव झालेले. बंधुराज तिथेच राहतात आणि संगणकाच्या एका कंपनीत नोकरी करतात. खाजगी विमान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उद्योगपती उभे राहतात, आणि त्यात आपली चूक नाही. आपल्याकडे वैमानिकाचा पहिला परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळाला तो जे. आर. डी. टाटांना. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपालाच्या थैल्या घेऊन ते कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेही असल्याच एका एंजिनाच्या चिमुकल्या विमानातून. पण अमेरिकेत सर्वांना खुले असलेले लहानमोठे विमानतळच पाच हजारांच्या आसपास आहेत, आणि तिथे विमान बाळगणाऱ्यांत शाळामास्तर, दंतवैद्य, पेन्शनर असे सगळेच असतात. आमच्या बंधुराजांचे तर उभे विमानही नव्हते. चौघांनी मिळून घेतलेल्या विमानाचा चौथा हिस्सा त्यांचा. “माझ्या मोटारीपेक्षा स्वस्त पडला,” असे त्याने मला अभिमानाने सांगितले. स्वस्त विमान हा मुद्दा आईला कळवायचा नाही, हे मी तिथल्या तिथे ठरवले.

शनिवारी सकाळी निघायचे ठरले. डोंगर ओलांडून पलीकडे पॅसिफिक महासागराच्या काठी हाफ मून बे म्हणून गाव आहे. तिथे उतरायचे, चालत बंदरावर जायचे, मासळी खायची आणि परतायचे. नुसते जेवायला विमानाने जाणे ही त्या मंडळींची जुनी खोड. अशा जेवणाला ते ‘शंभर डॉलरचा हँबर्गर’ म्हणतात. हँबर्गर नेहमीच्याच किमतीचा, वरचे पैसे विमानाचे.

आदल्या रात्री त्याने मला विचारले, “दादा, तुझं वजन किती?”

“बहात्तर,” मी म्हणालो.

त्याने न बोलता स्नानगृहातला काटा आणून माझ्यापुढे ठेवला. काट्याने एकोणऐंशी सांगितले. भावजय तोंडाला पदर नसल्यामुळे ओंजळ लावून हसली. धाकटा मात्र गंभीरपणे कागदावर आकडे मांडत होता. विमान चार खुर्च्यांचे खरे, पण टाक्या भरल्या की चार धष्टपुष्ट माणसे त्यात चालत नाहीत. एक तर पेट्रोल कमी करायचे नाही तर माणूस. पुष्पकाचा आणि याचा असा उघड विरोध होता.

पालो आल्टोचा विमानतळ म्हणजे खाडीकाठचा एक चिंचोळा तुकडा. एका बाजूला गोल्फचे मैदान, दुसऱ्या बाजूला दलदल आणि तीत एका पायावर उभे राहिलेले बगळे. सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या विमानतळाची सर्वांत लांब धावपट्टी साडेअकरा हजार फुटांहून लांब आहे. इथली अडीच हजारांनाही थोडी कमीच. आपल्याकडे एस. टी. स्टँडावर गाड्या उभ्या असतात तशी लहान लहान विमाने ओळीने दोरांनी बांधून ठेवलेली होती. वाऱ्याने उलटू नयेत म्हणून बांधतात म्हणे. मला ती दावणीला बांधलेल्या वासरांसारखी दिसली.

आमचे वासरू म्हणजे सेसना १७२. या जातीचे पहिले विमान १९५५ साली उडाले आणि तेव्हापासून चव्वेचाळीस हजारांवर विमाने तयार झाली. जगात दुसरे कोणतेही विमान इतक्या संख्येने बनलेले नाही. हे आमचे १९७७ चे, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी वडील. आईला हेही कळवण्यासारखे नव्हते.

आता बसायचे आणि उडायचे, अशी माझी कल्पना. पण पुढचा पाऊण तास धाकट्याने त्या विमानाची जी पूजा मांडली, तशी घरच्या देवांची त्याने जन्मात केली नसेल. हातात यादी. यादीतले वाचायचे, ते करायचे, मग पुढचे वाचायचे. पंख्याच्या पात्यावरून बोट फिरवून कुठे खाच पडली आहे का पाहिले. शिडीवर चढून पंखातल्या टाकीत पट्टी बुडवून पेट्रोल मोजले. टाकीखालच्या तोटीतून थोडे पेट्रोल एका काचेसारख्या पेल्यात काढले आणि सूर्याकडे धरले. पाणी मिसळले असेल तर ते तळाशी जाऊन बसते. त्या पेट्रोलला निळीच्या पाण्यासारखी छटा होती. त्यात अजून शिसे असते, आणि त्यावरून आसपासचे रहिवासी आणि वैमानिक यांचे भांडण तेव्हाही चालू होते. पुढे २०२३ च्या ऑक्टोबरात तिथल्या सरकारी पर्यावरण खात्यानेच या शिशाचा धूर आरोग्याला घातक असल्याचे अधिकृतपणे जाहीर केले.

मग त्याने खिशातून स्वच्छ रुमाल काढला, डाव्या पंखाच्या कडेला एक भोक होते त्यावर ठेवला आणि त्याला तोंड लावून हवा ओढली. आतून पिपाणीसारखा रडका सूर निघाला. विमान हवेत फार मंदावले, पंखांचा आधार सुटण्याची वेळ आली, की ही पिपाणी आपोआप वाजते. ती वाजते की नाही, ते जमिनीवरच पाहून घ्यायचे.

“दर वेळी हे सगळं करतोस?” मी विचारले.

“दर वेळी. शिवाय वर्षातून एकदा मेकॅनिक सगळं उघडून तपासतो. त्याने सही केल्याशिवाय उडवायचं नाही. मी तीन महिन्यांत तीनदा उतरवलं नसेल, तर तुला शेजारी बसवायचं नाही. कायदाच आहे.”

लहानपणी याची वह्यापुस्तके मी गोळा करीत असे. एकदा सहामाहीच्या पेपराला हा पेनशिवाय गेला होता. तोच हा, यादीवर बोट ठेवून उभा!

आत शिरताना मला भोपळ्यात बसलेल्या म्हातारीची आठवण झाली. खांद्याला खांदा भिडलेला, गुडघे पुढच्या घड्याळांना टेकलेले. कानांवर बोलणी ऐकण्याची यंत्रे चढवली. एंजिन सुरू झाले. धावपट्टीच्या तोंडाशी थांबून पुन्हा परीक्षा. प्रत्येक सिलिंडरला दोन दोन प्लग, त्यांना ठिणगी पुरवणारी यंत्रे दोन. एक बंद करून दुसऱ्यावर चालते ना, मग दुसरे बंद करून पहिल्यावर. नियंत्रण मनोऱ्यातून कोणी बाई काहीतरी भराभरा बोलल्या. धाकट्याने तेच त्यांना परत म्हणून दाखवले. विमान धावू लागले, जोरात थरथरले, आणि थरथर एकाएकी थांबली. बगळे खाली गेले.

वाचकहो, मोठ्या विमानातून आपण प्रवास करतो, पण उडत नाही. तिथे ढग आणि ट्रेमधला उपमा यांत फारसा फरक उरत नाही. इथे उडणे कळते. वाऱ्याची प्रत्येक झुळूक खुर्चीत जाणवते. खाली खाडीकाठची मिठागरे दिसली. कुठे विटकरी, कुठे शेवाळी, कुठे चक्क गुलाबी. पाण्यात मीठ जसे दाटत जाते तसे त्यात वेगवेगळे सूक्ष्म जीव वाढतात, त्यांचे हे रंग. मग स्टॅनफर्डची लाल कौले आली. पुढे डोंगराच्या कुशीत उत्तरेकडे एक लांबट तलाव चमकत होता. धाकटा म्हणाला, “तो तलाव बरोबर सॅन अँड्रियसच्या भेगेवर आहे. १९०६ चा भूकंप तिचाच.” एवढ्या सुंदर जागेखाली असले काही असावे!

डोंगरमाथ्यावरून पलीकडे पाहिले आणि मी बोलायचा थांबलो. समुद्र नव्हताच. होता तो पांढरा शुभ्र धुक्याचा थर, किनाऱ्यावर चढत आलेला. चुलीवर दूध उतू जाताना साय जशी कडेवरून ओघळते तसा तो खिंडीखिंडीतून आत ओघळत होता. निघताना तिकडचे हवामान स्वच्छ होते, हे मी स्वतः ऐकले होते. आताही बंदराचा धक्का दिसत होता, होड्या दिसत होत्या, धावपट्टीचे अलीकडचे टोक दिसत होते. पलीकडचे नव्हते.

धाकट्याने एकदा पाहिले, एकदा पेट्रोलाच्या काट्याकडे नजर टाकली आणि विमान वळवले.

“काय झालं?”

“परत.”

मला वाईट वाटले. सांगलीचा माणूस पॅसिफिक पाहायला आठ हजार मैल आलेला. “अरे, निम्मं तर दिसतंय,” मी म्हणालो. “आणि एवढं आलोच आहोत तर...”

तो काही वेळ बोलला नाही. विमान सरळ झाल्यावर म्हणाला, “दादा, तुला अण्णांचा पाय आठवतो?”

मला आठवत होता. १९९६ च्या जुलैत अण्णा याला घेऊन एका लग्नाच्या बोलणीसाठी रत्नागिरीला निघाले होते. धुवांधार पाऊस. आंबा घाटाच्या तोंडाशी जीपवाल्याने सांगितले की वर धुके आहे, साखरप्याकडची वाट दिसत नाही, मलकापुरात रात्र काढू. जीप दरडीवर आदळली. धाकट्याला खरचटले, तो तेरा वर्षांचा होता. अण्णांचा पाय मात्र मांडीत मोडला, तो शेवटपर्यंत सरळ झाला नाही. काठी आली, फिरतीची नोकरी सुटली. घरात त्याविषयी कोणी बोलत नसे. नशीब म्हणून सगळ्यांनी सोडून दिले होते.

“जीपवाला थांबूया म्हणत होता,” धाकटा म्हणाला. “अण्णाच म्हणाले, एवढं आलोच आहोत तर. मी मागे बसलो होतो. मी ऐकलंय.”

एंजिन एका सुरात चालले होते. खाली पुन्हा लाल कौले आली.

“इथले पायलट याला रोग म्हणतात. पोचायचंच, हा रोग. आपण आत्ता उडालो त्याच धावपट्टीवरून २०१० मध्ये एक विमान दाट धुक्यात निघालं आणि विजेच्या तारांना लागलं. तिघं गेले. त्यांना उडवता येत नव्हतं असं नाही. ढगात शिरून नुसत्या काट्यांवर विमान चालवायचा परवाना वेगळा असतो, तो माझ्याकडे नाही. म्हणून मी आधी वळायला शिकलो. नोकरीत मला कधी नाही म्हणता येत नाही, घरीही येत नाही. इथे येतं.”

मी काय बोलणार? त्याला समजावण्यासाठी सांगलीहून तयार करून आणलेले भाषण माझ्या मनात होते. त्याला सुरुवात, मध्य, शेवट सगळे होते. पण त्यात हा प्रसंग धरलेला नव्हता. थोड्या वेळाने बगळे पुन्हा वर आले, चाके टेकली, आणि आम्ही दोघांनी मिळून ते विमान ढकलत जागेवर नेऊन दोरांनी बांधले.

हाफ मून बे मी पुढच्या रविवारी पाहिले, मोटारीने. डोंगरातून वळणावळणाचा रस्ता आहे, थोडासा आपल्या घाटासारखा. हे गाव स्वतःला जगाची भोपळ्यांची राजधानी म्हणवते. ऑक्टोबरात तिथे भोपळ्यांची जत्रा भरते. मे महिना संपत आलेला, त्यामुळे तेव्हा शेतांत नुसती तयारी चालली होती. विमानतळ १९४२ मध्ये, महायुद्धाच्या काळात, लष्करासाठी बांधलेला. धावपट्टी पाच हजार फुटांची, पण मनोरा नाही. येणारा आपणच आपली वर्दी देतो आणि उतरतो. त्या दिवशी ऊन होते. कुंपणाशी उभे राहून आम्ही चार विमाने उतरताना पाहिली. प्रत्येकाच्या वेळी धाकटा ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होता. बहुधा यादी असावी. मग बंदरावर जाऊन मासळी खाल्ली. पॅसिफिक थंडगार आणि करडा होता, आणि मला फार आवडला.

पण त्याआधी, त्या शनिवारी रात्रीच, आईचा फोन आला होता. सांगलीत रविवारची सकाळ झाली होती.

“बोललास का त्याच्याशी?”

“बोललो.”

“विकतोय?”

“नाही, आई. आज त्याने मला वर नेलं होतं. पलीकडे धुकं होतं. उतरलो असतो तर उतरलो असतो, पण तो परत फिरला.”

पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. फोन तुटला की काय असे मला वाटले.

“आपणहून फिरला?” आईने विचारले.

“आपणहून. मी पुढे चल म्हणत होतो.”

“तू म्हणत होतास!” आई म्हणाली, आणि पुन्हा थांबली. धाकट्याने अण्णांविषयी सांगितलेले मी तिला सांगितले नाही, पण तिला ते ठाऊक नसेल असेही मला वाटत नाही. आंबा घाटातून अण्णांना आणायला तीच गेली होती.

“बरं,” शेवटी ती म्हणाली. “मग जेवलात कुठं?”

“घरी. भाजणीची थालीपीठं.”

“लोणी होतं का?” आईने विचारले, आणि विमानाचा विषय आमच्या घरात त्यानंतर निघाला तो फक्त वर्षाच्या तपासणीची सही झाली का, हे विचारण्यापुरता.